धाकट्याचा चेहरा

४ जानेवारी

चि. चमक्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उघडून तू म्हणशील, ताईच्या ओळी हल्ली डोंगर चढायला लागल्या. पुठ्ठ्याची पट्टी धरून लिहितेय, तरी पेन खाली घसरतंच. शिवणाच्या वर्गात वीस वर्षं मुलींवर ओरडले, टाका सरळ घाला म्हणून. आता माझी एक ओळ धड जाईना. हस खुशाल.

काल सूनबाई मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. काचबिंदूने कडेकडेचं सगळं खाल्लंय, मधलं एवढंसं उरलंय, तेही फार तर दोन महिने, असं ते म्हणाले. गेलेलं परत येत नाही म्हणे. तरुण आहेत बिचारे, सांगताना खालीच बघत होते. मीच त्यांना म्हटलं, अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

आता कामाचं. आई गेल्यावर तिचा पितळी बाळकृष्ण आपण सहा-सहा महिने वाटून घेतला. तुझी पाळी मार्चअखेरपर्यंत आहे, माहीत आहे मला. पण या खेपेला धाकट्याला लवकर घेऊन ये. मला त्याला डोळे भरून बघायचंय. मुलगा, सून, नात यांचं काय, ती घरात बोलत असतात, आवाजावरून ओळखेन. तो बोलत नाही रे. त्याचं जे काही आहे ते चेहऱ्यातच आहे.

आईने त्याला आणलं आणि घरात सगळे त्याला धाकटा म्हणायला लागले, तेव्हा आपलं शेंडेफळपण गेलं म्हणून तू सहा वर्षांचा घोडा दोन दिवस जेवला नव्हतास. आठवतंय ना? तो राग धरून उशीर करू नकोस म्हणजे झालं.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंस का? पण तू म्हणशील, सगळं दाखवून झालंय. तुझं नेहमीच असं, सगळं उरकून झाल्यावर आम्हाला कळवणार.

धाकट्याला घेऊन येतो. मार्चबिर्च काही नाही, येत्या पंधरवड्यात निघतो. खरं सांगू? माझ्याकडे त्याचे हालच असतात. सकाळी नळाखाली धरायचा, पुसायचा, वाटीभर दूध ठेवायचं आणि जिना उतरून कारखान्यात. दिवसभर नळ, कड्या, दारांच्या मुठी पॉलिशच्या चाकावर धरायच्या. तुझ्या नि आईच्या हातचं कौतुक त्याला इथे कुठून मिळणार?

काल मुद्दाम त्याला खिडकीत धरून बघितलं. केवढा काळवंडलाय गं! तुला आधीच कमी दिसतं, त्यात हा असा मळकट. तुझ्या भावाने जन्मभर दुसरं केलंय काय? पितळ चमकवणं सोडून काही येत नाही मला. असा लखलखीत करून आणतो की उरलेल्या एवढ्याशा डोळ्यांतही तो मावणार नाही. बघच तू.

सूनबाईला आशीर्वाद. या आळशावर राग नसावा.
तुझा चमक्या


१७ जानेवारी

चि. चमक्यास,
अनेक आशीर्वाद.

घाईघाईने दोन ओळी. धाकट्याला काही करू नकोस. लखलखीत नको, काही नको. आई फक्त अंगठ्याने पुसायची, तेवढंच. काळा तर काळा, मला ओळखीचा हवाय. आणि ये लवकर. हल्ली सुईच्या नेढ्यातून बघावं तेवढंच दिसतं. कपबशीतला कप दिसला तर बशी दिसत नाही. सूनबाई हसते, मग तिलाच रडू येतं.

त्याच्यासाठी नवं झबलं शिवायला घेतलं होतं. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. बाही उलटी लागली, उसवली, पुन्हा उलटीच लागली. तू आलास की त्यालाच विचारू, चालेल का म्हणून.

वाट बघतेय.
तुझी ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यायला थोडा उशीर होतोय, रागावू नकोस. कारखान्यात तीनशे मुठींचं काम अडकलंय आणि वर मला खोकला. बरा झालो की निघतोच.

एक विचारायचं होतं. सहज आपलं. इतकी वर्षं मी धाकट्याकडे नीट बघितलंच नाही असं परवा वाटलं. तू बघायचीस, आई बघायची. तर त्याचे डोळे नेमके कसे, भुवया कशा, हसतो तो कुठल्या बाजूने, हे तू मला सविस्तर लिहिशील का? तुझ्या पत्रावरून बघायला शिकेन म्हणतो. या वयात का होईना.

उत्तर लवकर पाठव. पाठचा भाऊ तसाही लाडकाच असतो, तो लाड चालू ठेव.
तुझा चमक्या


१ फेब्रुवारी

चि. चमक्यास,
उदंड आशीर्वाद.

तुझ्या पत्राने काय आनंद झाला म्हणून सांगू! सूनबाईने वाचून दाखवलं, मी दोनदा वाचायला लावलं. खोकल्याचं ऐकून काळजी वाटली, पण खरं सांगते, आनंदच जास्त झाला. उशीर झाला तरी चालेल असंसुद्धा क्षणभर वाटलं. आई असती तर म्हणाली असती, मोठा एकदाचा धाकट्याशी बोलायला लागला.

ऐक तर. तो रांगतोय, डावा हात जमिनीवर, उजव्यात लोण्याचा गोळा, हे तुला ठाऊक आहेच. डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर खाली आहे. ओतणाऱ्याची चूक असणार, पण त्यामुळेच तो आता रडेल की आता हसेल हे कळत नाही. आईने आपल्याला रागावलं की तो रडवेला दिसायचा, आणि तू पास झालास तेव्हा, देवाशपथ, हसत होता. भुवया जवळजवळ नाहीतच. नाक आईच्या अंगठ्याने झिजलेलं, नुसती शेंडी उरलेली. हसू फक्त उजव्या कोपऱ्यात. गाल डावा जरा फुगीर, तोंडात काही लपवल्यासारखा.

आई रोज त्याचं पाणी कोपराने बघायची, तू आणि मी लहान असताना बघायची तसंच. शेजारणीने एकदा तिला प्रवचनाला ओढून नेलं. तिथे बुवांनी भक्तीचे नऊ प्रकार सांगितले, श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत. आई घरी आली ती कोड्यात पडूनच. म्हणाली, नऊ मोजले त्यांनी, पण पाणी कोपराने बघायचं कुठेच आलं नाही. बाबांचं शेवटचं दुखणं चाललं होतं तेव्हा मी तिला म्हटलं, त्याच्याकडे काहीतरी माग ना. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी काही भलतंच बोलले. म्हणाली, अगं, एवढ्याशा मुलाकडे कुणी मागतं का? त्याला काय कळतंय.

मला तिच्याएवढं कधी जमलं नाही. मी मधूनमधून मागायचे. पण सकाळी झबलं घालून झालं की त्याच्याकडे बघत बसायचे, आणि त्या वेळी मागायचं राहून जायचं. तेवढंच माझं जे काही आहे ते. म्हणून बघायचंय रे. बघता आलं नाही तर मी त्याच्यावर प्रेम कशाने करू, मला दुसरं काही येत नाही.

आता डावीकडचं सगळं गेलं. हे पत्र लिहायला तीन दिवस लागले.

खोकल्याला गरम पाणी पी. येताना त्याला थंडी वाजणार नाही असा आण.
तुझी ताई


५ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. ताईला वाचून दाखवू नकोस.

खोकला वगैरे काही नाही. माझ्या हातून धाकट्याचा चेहरा गेला.

ताईचं काही करू नकोस म्हणणारं पत्र एकवीस तारखेला आलं. मी एकोणीसलाच त्याला खाली नेलं होतं. मनात एवढंच की ताईला स्पष्ट दिसू दे. चाक सुरू केलं, त्याला पॉलिशचा साबण लावला, आणि चाळीस वर्षांची सवय, वस्तू हातात आली की हात आपोआप दाबतो. दारांच्या मुठीला तोंड नसतं गं. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. पुसून बघतो तर सोन्यासारखा चमकतोय आणि डोळे नाहीत, नाक नाही, हसू नाही. आईने आधीच एवढंसं ठेवलं होतं, ते मी नेलं.

शेजारी ठसे कोरणारे मास्तर आहेत. त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, कोरून देतो, पण कसा होता ते सांगा. मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. बावन्न वर्षं घरात असलेला देव, आणि डोळे कसे होते ते मला माहीत नाही. म्हणून ताईला ते निर्लज्ज पत्र लिहिलं. ती खुश झाली, आणि मी तिचं उत्तर मास्तरांसमोर टेबलावर ठेवलं.

त्यांना पंधरा-वीस दिवस हवेत. ताईला किती दिसतंय ते खरं खरं कळव. तेवढे दिवस ती थांबेल का?

तुझा अपराधी मामेसासरा


१२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, वाचलं. आईंना काही बोलले नाही.

खरं खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. रोज सकाळी त्या खाटेवर बसून समोरच्या खिडकीचे गज मोजतात. सात आहेत. गेल्या सोमवारी चार म्हणाल्या, आज दोन. मग मला विचारलं की बरोबर का, आणि मी हो म्हटलं.

मामा, लहान तोंडी मोठा घास घेते, पण माझं ऐका. जसा आहे तसा घेऊन या. चेहरा नसेल तर नसेल. त्यांना सांगा, त्या रडतील, चिडतील, तुमच्याशी आठ दिवस बोलणार नाहीत. पण उरलेल्या नजरेने निदान तो आकार तरी बघतील. त्यांना इतकी वर्षं पाठ आहे तो, बाकीचं त्या स्वतः भरून घेतील. मास्तरांची वाट बघू नका.

मुलीचा नमस्कार. उत्तर न पाठवता स्वतःच यावं, ही विनंती.
तुमची सूनबाई


८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो.

चार दिवस गं. सव्वीसला तुझी नजर गेली आणि मी दोन तारखेला दारात उभा. जिना चढताना सूनबाईचा चेहरा बघूनच कळलं. त्या चार दिवसांची तू मला वाटेल ती शिक्षा दे. मुठींच्या कामाचा बहाणा नको, मी येऊ शकलो असतो.

पण तू त्याला मांडीवर घेतलंस, अंगठा फिरवलास आणि आलास का रे बाळा म्हणालीस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तू उलट्या बाहीचं झबलं त्याला घातलंस ते बघून मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्याचं सगळं तुझ्याकडे नीट होईल.

एक कबूल करतो. या दीड महिन्यात मलाही त्याची सवय लागली होती. तुझं पत्र वाचल्यापासून पाणी कोमट करायला लागलो. कोपराने बघायचो, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. खोली आता ओकीओकी वाटते. पुढची पाळी सप्टेंबरनंतर, तोवर कसं जायचं?

या भावाला पदरात घेतलंस तसंच धरून ठेव.
तुझा चमक्या


३० मार्च

चि. चमक्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर सूनबाईचं आहे, बोलणं माझं. तिला सांगितलंय, एक शब्द बदलायचा नाही.

अंगठा फिरवला तेव्हाच कळलं मला. त्याला आणलं त्याच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून तो फरशीवर पडला होता आणि हनुवटीखाली बारीकशी खाच पडली होती. आईला कधी सांगितलं नाही, तुलाही नाही. रोज पुसताना माझा अंगठा तिथे थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. आणि डोळ्यांच्या कडा बोटाला टोचल्या. आईच्या हाताने झिजलेलं काही टोचत नसे. मग मी सूनबाईला बसवून घेतलं आणि तिने सगळं सांगितलं. तिला बोलू नकोस, तिने तुझीच बाजू घेतली.

माझ्यासाठीच केलंस, कळतं मला. म्हणून रागवायला गेले तरी राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं.

पण आता जे होतंय ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. नजर गेली त्या चार दिवसांत धाकटा माझ्याजवळ होता. डोळे मिटले की समोर, उघडले तरी समोर. तो खालचा डोळा, ते कोपऱ्यातलं हसू. मला वाटलं, एवढं राहिलं तरी पुष्कळ आहे. मग तू आलास. रोज अंघोळ घालताना बोटांना हा नवा चेहरा लागतो. भुवया रेखीव, नाक सरळ, ओठ नीट कोरलेले. मी सांगितलं होतं त्यावरूनच सगळं केलंय त्या मास्तरांनी, आणि तो कुणीतरी दुसराच आहे. आता धाकटा आठवायला बसले की बोटांना लागलेला हाच पुढे येतो. आधीचा मागे मागे जातोय. काल डावा डोळा खाली की उजवा, हेच आठवेना. तुला लिहिलेलं पत्र तुझ्याकडे आहे, माझ्याकडे काही नाही.

तू बिनचेहऱ्याचा आणला असतास तर मी माझा चेहरा त्यावर ठेवला असता.

सेवा चालू आहे. पाणी, झबलं, दूध. आईला आधी माया होती, मग सेवा. मी उलटं करून बघतेय, रोज करते आणि माया येते का बघते. अजून आली नाही. मुलगा म्हणतो, आई, देव तोच आहे, रूपात काय एवढं. मोठा झालाय, बोलू दे त्याला.

आता मागते ते दे. त्याला तुझ्याकडे पाठवतेय, मुलगा घेऊन येईल. पुन्हा एकदा चाकावर धर. हा चेहरा काढून टाक. गुळगुळीत कर आणि परत पाठव. कदाचित त्यावर जुना येऊन बसेल.

मायेत काही उणं पडलेलं नाही, हे मात्र खरं मान.
तुझी ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. भाच्याबरोबर परत पाठवतोय. कापडात गुंडाळलाय, थंडी वाजणार नाही.

तू म्हणालीस, तो कुणीतरी दुसराच. तुझ्यासाठी खरंच आहे ते. पण ताई, मला धाकट्याचा तेवढाच एक चेहरा माहीत होता. मास्तरांच्या टेबलापाशी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, एक एक रेघ उमटताना बघायचो. डोळा उघडला त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलं असं वाटलं. हस तू. मग पाच-सहा दिवस तो माझ्याकडे होता तेव्हा कामाला जाताना त्याला सांगून जायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे बघितलं आणि तो हा होता.

परवा सकाळी त्याला अंघोळ घातली. कोपराने पाणी बघितलं. दूध ठेवलं. मग खाली नेलं. या खेपेला हात दाबत नव्हता, मीच दाबला. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, पण चाकावर डोळे मिटून चालत नाही. शेवटपर्यंत बघत होतो. डावा डोळा आधी गेला, खालचा असतो म्हणून.

तुझं एक फेब्रुवारीचं पत्र सोबत पाठवतोय. सूनबाईकडून वाचून घे. डावाच डोळा खाली होता.

पुढच्या पाळीला त्याला माझ्याकडे पाठवू नकोस. तुझ्याकडेच राहू दे. मला आता जमणार नाही.

तेवढं सोडून बाकी मी तुझाच.
चमक्या


२२ एप्रिल

चि. चमक्यास,
आशीर्वाद.

हे मीच लिहितेय. ओळीवर ओळ गेली असेल तर सांभाळून घे.

धाकटा पोचला. अगदी गुळगुळीत झालाय. पत्र सूनबाईने तीनदा वाचलं. डावा डोळा, उजवं हसू, सगळं कळलं. ऐकून कळलं. दिसलं नाही.

आठ दिवस झाले. जुना आला नाही. नवाही गेला.

आज पाणी जरा जास्त गरम झालं होतं. कोपराने बघितलं, गार घातलं, मग अंघोळ घातली.

तू जेवत जा वेळेवर.
ताई